‘आकाश’ चालू केल्यावर आधी काय दिसावं?

घाटकोपर पश्चिमेला भटवाडीच्या चढावर एका मंडळाची अभ्यासिका आहे. पत्र्याचं छप्पर, दोन ट्यूबलाइट, भिंतीला लावलेली लांब बाकं. शनिवारी संध्याकाळी मी तिथे आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवायला जाते. गेल्या जूनमध्ये मंडळाच्या काकांनी माझ्यापुढे एक कापडी पिशवी ठेवली. आत पाच टॅबलेट होते. एका निवृत्त प्राध्यापकांनी घर आवरताना काढून दिलेले, ‘आकाश’ नावाचे. हातात घेतल्याबरोबर मी ओळखले. दोघांच्या बॅटऱ्या बदलाव्या लागल्या, बाकीचे तीन चार्जरला लावल्यावर मुकाट्याने उठले.

“चालू करून दे,” काका म्हणाले. “पोरं वापरतील.”

चालू तर ते झालेच होते. पण चालू झाल्यावर समोर काय यावं, हे ठरवायला मला पुढचे दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे वाचलं, आठवलं आणि ज्यावरून काकांशी भांडले, त्यातून हा लेख झाला.

आधी शब्दाचं बघू. ‘डिफॉल्ट’ हा शब्द उपनगरातल्या माणसाला पहिल्यांदा भेटतो तो सोसायटीच्या नोटीस बोर्डावर. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी, वर लिहिलेलं ‘डिफॉल्टर’. म्हणजे ज्याने करायचं ते केलं नाही तो. कॉम्प्युटरमधला अर्थ याच्याच चुलत घरातला आहे. तुम्ही काहीच केलं नाही तर जे होईल ते डिफॉल्ट. फोनची रिंगटोन, ब्राउझर, कीबोर्डची भाषा. आपण ‘निवडलं’ म्हणतो त्यातलं बहुतेक सगळं आपण निवडायचं थकवलेलं असतं, आणि आपल्या वतीने दुसऱ्या कुणीतरी भरून टाकलेलं असतं.

आता ‘आकाश’. तुमच्यापैकी जे २०१० च्या आसपास शाळेत होते त्यांना आठवत असेल, स्वस्त सरकारी टॅबलेटची केवढी हवा होती. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत पहिला ‘आकाश’ आला. बनवणारी कंपनी डेटाविंड, देखरेख आयआयटी राजस्थानची. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि नखाने दाबावी लागेल अशी सात इंची स्क्रीन. त्यावर अँड्रॉइड २.२. पुढच्या वर्षी प्रकल्प आपल्या पवईत, आयआयटी मुंबईकडे आला. ११ नोव्हेंबर २०१२ ला दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. एक गिगाहर्ट्झची ऑलविनर ए१३ चिप, ५१२ एमबी रॅम, बोट नुसतं टेकवलं तरी कळणारी स्क्रीन, अँड्रॉइड ४.०. सरकारला एक नग पडला २,२६३ रुपयांना, विद्यार्थ्याला तो ११३० ला देण्याचं ठरलं होतं. माझ्या पिशवीतले पाच हे या दुसऱ्या पिढीतले.

या यंत्राबद्दल तेव्हा जे लिहिलं गेलं त्यात किंमत होती, वेग होता, टेंडरमधली भांडणं होती, टॅब चीनमधून आले की इथे जुळवले याचा तपास होता. ते सगळं लिहायलाच हवं होतं. पण देशातल्या विद्यार्थ्यांच्या हातात एक कॉम्प्युटर देताना त्यावर अँड्रॉइडच का, याची चर्चा मला दोन-चार तांत्रिक मेलिंग लिस्टांपलीकडे फारशी सापडत नाही. ‘टॅबलेट म्हणजे अँड्रॉइड’ असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. म्हणजे डिफॉल्ट काय असावं हा निर्णयसुद्धा डिफॉल्टनेच झाला.

याची किंमत किती होती ते एका ठोस गोष्टीवरून सांगते. अँड्रॉइड २.२ मध्ये मुळात देवनागरी फॉन्टच नव्हता. काही कंपन्या आपापला घालून द्यायच्या, पण गूगलकडून जसं यायचं तसं घेतलं तर मराठी मजकुराच्या जागी चौकोनांची रांग दिसायची. त्या काळात ज्यांनी फोनवर मराठी वाचलं त्यांना ऑपेरा मिनीची युक्ती पाठ असेल. पत्त्याच्या जागी opera:config असं इंग्रजीत टाइप करायचं, खाली जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्ससाठी बिटमॅप फॉन्ट वापरा’ याला ‘येस’ करायचं, की सर्व्हरवरून अक्षरांची चित्रं बनून यायची. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात निदान दहा जणांच्या फोनवर हे करून दिलं असेल. चित्रं धूसर असायची, जोडाक्षरं कधीकधी फुटायची, पण मराठी दिसायचं.

आणि याच वर्षांत, साध्या डेस्कटॉप लिनक्सवर मराठी व्यवस्थित दिसत होतं. नुसतं दिसत नव्हतं, मेन्यूही मराठीत होते. ते आकाशातून पडलेलं नव्हतं (शब्दाबद्दल माफी). व्हीजेटीआयचे प्रा. जितेंद्र शहा यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला इंडिकट्रान्सचा गट, जुहूचं सी-डॅक, पुण्यात रेड हॅटमध्ये लोहित फॉन्ट सांभाळणारी मंडळी, अशा अनेकांनी वर्षानुवर्षं एकेक वाक्य बसून मराठीत आणलं होतं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून ‘मराठी’ आलं ते लॉलिपॉपमध्ये, २०१४ ला. म्हणजे आपल्या सरकारने आपल्या मुलांसाठी कॉम्प्युटर घेतला तेव्हा समोर दोन प्रणाली होत्या. एकीला मराठी येत होतं, दुसरीला येत नव्हतं. आपण दुसरी घेतली.

हे फक्त जुनं दुखणं आहे असं वाटत असेल तर आत्ता हा लेख ज्या फोनवर वाचताय त्यावरचा ‘ल’ बघा. दोन पाकळ्यांचा आहे की उजवीकडे उभा दंड असलेला? दंडाचा असेल तर तो हिंदी वळणाचा ‘ल’ आहे. राज्य शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ठरवून दिलेले आहेत. अनेक फॉन्टांत ते असतातही, पण मजकूर मराठी आहे असं प्रणालीला सांगितलं तरच ते पुढे येतात. कुणीच काही सांगितलं नाही की मिळतो हिंदी ‘ल’. बाराखडी गिरवणाऱ्या मुलाला पाटीवर एक ‘ल’ आणि फोनवर दुसरा.

पण इथे थांबून अँड्रॉइडची बाजू मांडायला हवी, कारण मी स्वतः तिच्या विरोधात बरीच वर्षं फुकटची बोलले आहे. २०१२ मधलं लिनक्स बोटासाठी बनलेलं नव्हतं. माउससाठी आखलेली बारीक बटणं सात इंची स्क्रीनवर दाबून बघा, दुसऱ्या मिनिटाला टॅब आपटावासा वाटतो. बॅटरी वाचवणं, स्क्रीन फिरवणं, झोपेतून चटकन उठणं, हे सगळं अँड्रॉइडला येत होतं. पवईतल्या लोकांना लिनक्स माहीत नव्हतं असं म्हणणं तर हास्यास्पद आहे. ‘आकाश’ प्रकल्पाची धुरा प्रा. दीपक फाटक यांच्याकडे होती, आणि तिथेच प्रा. कण्णन मौद्गल्य यांचा फॉसी प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात आणायचं काम करत होता. स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले धडे तिथूनच आले.

त्या मंडळींनी या निर्णयातून जी वाट काढली ती मला ‘आकाश’मधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल जवळजवळ कुणीच लिहिलं नाही. त्यांनी ‘आकाश प्रोग्रामिंग लॅब’ नावाचं ॲप बनवलं. सी, सी++, पायथन आणि सायलॅब टॅबवर लिहायचं आणि टॅबवरच चालवायचं. आत काय होतं? अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सची एक आख्खी फाइल ठेवलेली होती. ॲप उघडलं की एका कोपऱ्याला ‘हेच तुझं संपूर्ण घर’ असं सांगून त्यात लिनक्स चालवलं जायचं. चाळीतल्या एका खोलीत पोटमाळा काढून दुसरा संसार थाटावा तसं. मुलाला दिसायचं फक्त एक चौकोनी चिन्ह.

दुसरी वाट कार्डाची. ऑलविनरच्या या चिपची एक खोड आहे. चालू होताना ती आधी मेमरी कार्ड तपासते आणि मगच आतल्या साठवणीकडे वळते. म्हणजे कार्डावर लिनक्स भरून स्लॉटमध्ये घातलं की लिनक्स सुरू. कार्ड काढलं की परत अँड्रॉइड, जसंच्या तसं. काही फोडावं लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. पवईतल्या गटाने अशी कार्डं कशी बनवायची ते कोडसकट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजात (नाव राहू द्या) असे टॅब आले होते. ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात असायचे. तपासणीला कुणी आलं की बाहेर, मग परत आत. मी आणि माझी मैत्रीण एका सरांच्या मागे लागून एक टॅब चार दिवसांसाठी घरी घेऊन गेलो. मुलुंडला तिच्या घरी रात्री कार्ड बनवलं. पहिल्या खेपेला बोट डावीकडे ठेवलं की बाण उजवीकडे पळायचा. तिसऱ्या खेपेला नीट झालं. टॅबला यूएसबी कीबोर्ड लावून तिने पायथनमध्ये पाढे छापले, आणि आम्ही दोघी उगाचच हसत सुटलो. टॅब परत करताना आम्ही सरांना कार्ड दाखवलं. ते म्हणाले, “ते काढून ठेवा, नाहीतर कुणी म्हणेल बिघडलाय.”

त्या वाक्यात माझी या निर्णयावरची सगळी टीका आहे. अँड्रॉइड ठेवलं याला माझी हरकत नाही. लिनक्स कार्डावर ठेवलं, यालाही नाही. पण पहिल्या स्क्रीनवर उभं राहिल्यावर दुसरं काही असू शकतं याची खूणच कुठे नव्हती. त्यामुळे ते दिसलं की बिघाड वाटायचा.

याच्या उलट उदाहरण आपल्या सेंट्रल लाइनच्याच टोकाला आहे. २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीतल्या एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. भारतातला तो अगदी सुरुवातीचा प्रयोग. त्या लॅपटॉपवर ‘शुगर’ नावाचा मुलांसाठी मुद्दाम बनवलेला चेहरा होता, खाली लिनक्स. ॲपलने आपली मॅक प्रणाली फुकट देऊ केली होती, ती ओपन सोर्स नाही म्हणून या लोकांनी नाकारली होती. आणि कीबोर्डवर त्यांनी एक कळ ठेवली होती. ती दाबली की समोर जे चाललंय त्याचा कोड उघडायचा. किती मुलांनी ती दाबली असेल? फार नसतील. पण कळ तिथे, बोटाखाली होती. सहावीतल्या मुलाला कळत होतं की याच्या आत काहीतरी आहे आणि ते बघितलं तर कुणी रागावणार नाही.

हा प्रकल्प पुढे फिसकटला, त्याची कारणं बरीच. पण त्यातलं एक भांडण नेमकं डिफॉल्टवरून झालं. मे २००८ मध्ये विंडोज एक्सपी त्या लॅपटॉपवर देण्याचा करार जाहीर झाला. सरकारं विंडोज मागत होती. त्याच्या आधीच्या महिन्यात सॉफ्टवेअरची बाजू सांभाळणारे वॉल्टर बेंडर बाहेर पडले आणि त्यांनी शुगर लॅब्ज काढली. बाहेरून बघणाऱ्याला हा हट्टीपणा वाटेल. मला नाही वाटत. एक्सपी आली असती तर ती कळ कशाचा कोड दाखवणार होती?

हाच प्रश्न अलीकडे पाइनफोनच्या निमित्ताने पुन्हा आला. पाइन६४ चा हा स्वस्त, खुला फोन. २०२० च्या सुरुवातीला गेलेल्या पहिल्या फोनांवर प्रणालीच नव्हती, नुसती कारखान्यातली चाचणी. मग एकामागून एक पाच आवृत्त्या निघाल्या, प्रत्येकीवर वेगळ्या गटाची प्रणाली, आणि प्रत्येक फोनामागे त्या गटाला दहा डॉलर. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने ठरवलं की आता एकच, मांजारो आणि प्लाझ्मा मोबाइल. ग्राहकाच्या दृष्टीने ते समजण्यासारखं होतं. पण आधी पाच गट एकमेकांच्या चुका दुरुस्त करत होते, आता एक गट ‘अधिकृत’ झाला आणि बाकीचे ‘तुम्हाला हवं तर’मध्ये गेले. मला तिथे न ठरवण्याचं वर्ष जास्त आवडलं. अर्थात मी तो फोन विकत घेतला नव्हता, त्यामुळे मला ते आवडणं स्वस्त आहे.

आणि खुलेपणाचा शेवट कसा होतो त्याचा एक नमुना तुमच्यापैकी अनेकांच्या आजीच्या हातात होता. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने १,९९९ रुपयांत फायरफॉक्स ओएसचा फोन आणला. खुली प्रणाली, वेबवर बनलेली. दीडेक वर्षात मोझिलाने फोनांचा नाद सोडला. तिचाच कोड घेऊन कायओएस झाली आणि २०१७ मध्ये जिओफोनमध्ये बसली. ती मात्र ग्राहकाला बदलता येत नाही. कोड खुला होता, डिफॉल्ट बंद झालं.

हे सगळं मी काकांना सांगितलं नाही. काकांना एवढंच सांगितलं की अँड्रॉइड ४.० ला गूगलने २०१८ च्या डिसेंबरात राम राम ठोकला आहे, आजची ॲप त्यावर चढत नाहीत, अर्ध्याहून जास्त साइट उघडत नाहीत.

“मग यूट्यूब?”

“नाही चालणार.”

“मग पोरं कशाला हात लावतील?”

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. अजून नाही. पण काळाने या वादात एक गंमत करून ठेवली आहे. २०१२ मध्ये जे वापरायला सोपं म्हणून निवडलं ते आज निकामी आहे. जे अवघड म्हणून कार्डावर टाकलं होतं ते अजून जिवंत आहे, कारण या चिपसाठीचा कोड जगभरातले हौशी लोक आजही सांभाळतात. डिफॉल्ट निवडणारे उद्घाटनाच्या दिवसाचा विचार करतात. अभ्यासिकेत यंत्र येतं तेव्हा त्या दिवसाला बारा वर्षं होऊन गेलेली असतात.

तर लिनक्स ठरलं. हलकं डेस्कटॉप, मोठी चिन्हं, मेन्यू मराठीत, ‘ल’ पाकळीचा. पहिल्या स्क्रीनवर चारच गोष्टी: पुस्तकं, पायथन, चित्रकला, आणि ऑफलाइन विकिपीडियाचा एक मराठी गठ्ठा. मुलांना पहिल्या शनिवारी कंटाळा आला, दुसऱ्या शनिवारी चित्रकलेवरून मारामारी झाली. नववीतली एक मुलगी पायथनमध्ये तिच्या भिशीचा हिशोब करते. भिशी आईची, सोळा बायकांची. तिला ‘फॉर लूप’ माझ्याकडून आला नाही, नंबर कुणाचा लागतो हे बघताना आला.

अडचण निघाली वेगळीच. लिनक्स कार्डावर होतं, आणि आठ जीबीचं कार्ड घरी कामाचं असतं. दुसऱ्याच आठवड्यात दोन कार्डं गायब. कुणाच्या तरी वडिलांच्या फोनमध्ये गाणी भरून परत आली, वरून माझं सगळं पुसलेलं. आतल्या साठवणीत लिनक्स कायमचं बसवायचा मी प्रयत्न केला, पण या चिपच्या जुन्या साठवणीशी नवा कर्नल नीट जुळत नाही, आणि बसवलं असतं तर अँड्रॉइड पुसावं लागलं असतं. म्हणजे ज्याची मी एवढी तक्रार केली तेच मी केलं असतं, फक्त उलट बाजूने. शेवटी काकांनी वायरमनची काळी टेप आणली आणि पाचही स्लॉट बंद केले.

मागच्या शनिवारी गेले तर एका टॅबची टेप निघालेली. आठवीतला एक मुलगा खिडकीपाशी बसून कार्ड आत घालत होता, टॅब चालू करत होता, बंद करून कार्ड काढत होता, पुन्हा चालू करत होता. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्याला वाटलं ओरडा बसणार.

“ताई, याच्यात दोन आहेत,” तो म्हणाला.

“हो.”

“मग हे खालचं कुणाचं?”

त्याच्याशेजारी बसून मी त्याला ‘आकाश’ची गोष्ट सांगायला लागले. गणित राहिलं.